जिन्याखालची भांडी

"वर्षभरात एकानंही किल्ली मागितली नाही, वहिनी. मग ठेवायची कशासाठी?"

मी चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या पडद्यामागे थांबले. बाहेर आमच्या इमारतीच्या मंडळाचे अध्यक्ष बसले होते. त्यांना मी लहानपणापासून काका म्हणते. ते आवाज चढवून बोलणारे नाहीत, आणि हे वाक्य तर इतकं हळू आलं की त्यांना स्वतःलाच ते बोलायचं नसावं. आई काय उत्तर देते ते मला ऐकायचं होतं.  ती म्हणाली, तुम्हा सगळ्यांना योग्य वाटेल तसं करा. मी चहा नेऊन ठेवला. काकांनी माझ्या नोकरीची चौकशी केली, मी नेहमीसारखं "ठीक चाललंय" म्हटलं आणि आत आले. येत्या रविवारच्या सभेत ठराव होणार आणि भांडी मोडीत निघणार, हे उरलेलं बोलणं मी ओट्याशी उभं राहून ऐकलं.

ही भांडी मंडळाची. भाईंदर पूर्वेला, इंद्रलोकमध्ये आमची इमारत आहे. तळमजल्यावर जिन्याखाली एक बुटकी खोली आहे, आत शिरताना मोठ्या माणसाला वाकावं लागतं. तिच्यात जर्मनचे मोठे टोप, पराती, कढया, झारे, पाण्याची पिंपं आणि पोत्यांत भरलेली स्टीलची ताटं-वाट्या आहेत. कुणाकडे साखरपुडा असो, पूजा असो, बारसं असो की तेरावं, भांडी इथून जायची आणि इथे परत यायची. भाडं नाही. किल्ली आमच्या दारामागच्या खिळ्याला. भांडी मंडळाची म्हणायची, पण सगळे त्यांना "भाऊंची भांडी" म्हणत. भाऊ म्हणजे माझे बाबा. ते गेले त्याला आता वर्ष होत आलं आहे.

बाबा स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॉलिशचं काम करायचे. भाईंदरला असे गाळे पुष्कळ आहेत, बाहेरून जाताना नुसती घरघर ऐकू येते. फिरत्या चाकावर भांडं दाबून धरायचं, की ते चकचकीत होतं आणि त्याचा सगळा काळा कीस माणसाच्या अंगावर बसतो. बाबा घरी यायचे तेव्हा त्यांचे डोळे आणि दात तेवढे ओळखू यायचे. आंघोळ करून बाहेर आले की गोरे दिसायचे, पण कानांच्या वळ्यांमध्ये करडी रेघ राहायचीच. मी लहान असताना ओल्या फडक्याचं टोक करून ती पुसायला बघायची. निघायची नाही. आई म्हणायची, राहू दे गं, ते त्यांचं काजळ आहे.

दुसऱ्यांच्या घरी गेलं की बाबा पाण्याचा पेला रिकामा झाल्यावर उलटा करून बुडाकडे बघायचे. मला फार संकोच वाटायचा. आपण पाहुणे आहोत आणि हे पेला उलटा करतायत. पण पेल्याचं बूड नीट घासलंय की नाही हे बघितल्याशिवाय त्यांना राहवत नसे. नीट घासलेलं दिसलं की ते कुणालाही न सांगता जरा खूश व्हायचे.

स्टीलची ताटं आणि पराती त्यांच्या गाळ्यातूनच आल्या होत्या. कुठे डाग राहिलेला, कुठे काठ बसलेला, असा माल मालक बाजूला काढायचा. बाबा तो मागून आणायचे आणि रविवारी जिन्याखाली बसून लाकडी हातोड्याने पोचे काढायचे. ठोक ठोक ठोक, मग थांबायचं, भांडं उजेडाकडे धरायचं, परत ठोक. वरच्या मजल्यावरच्या एका आजोबांची दुपारची झोप मोडायची. ते खिडकीतून विचारायचे, काय भाऊ, टांकसाळ काढली काय? बाबा खालून म्हणायचे, झालंच आजोबा, एवढी एक परात. ती एक परात कधीच शेवटची नसायची. मोठे टोप मात्र मंडळाने वर्गणीतून घेतले होते, आणि ते निवडायला बाबाच गेले होते.

माझ्या लक्षात राहिलेलं दृश्य म्हणजे संध्याकाळी वाजणारी आमची बेल. दारात कुणीतरी उभं. बहुतेक वेळा पुरुष, कधी नवरा-बायको दोघं. बाबा आधी त्यांना बसवायचे, पाणी द्यायचे, आणि मग एकच प्रश्न विचारायचे, किती पानं उठणार? समोरचा माणूस हिशेब सांगायला लागायचा, की माझ्या बहिणीकडचे एवढे, गावाहून एवढे, ऑफिसातले येतील की नाही नक्की नाही. बाबा ऐकता ऐकता मान हलवायचे आणि म्हणायचे, मग आमटीला मधला टोप आणि भाताला दोन लागतील, मोठा नेऊ नका, त्यात तळाला भात करपतो. मी आतल्या खोलीत पुस्तक उघडं ठेवून हे सगळं ऐकायचे. मी इंग्रजी शाळेत जायचे, पुस्तकात वेगळ्याच देशातल्या मुलांच्या सहली चाललेल्या असायच्या, आणि बाहेर कुणाच्या तरी मामेभावाने ऐनवेळी चार माणसं वाढवलेली असायची. मला बाहेरचं जास्त आवडायचं. पण बाहेर येऊन बसायची माझी हिंमत नव्हती. कुणी काही विचारलं तर काय बोलायचं, हा प्रश्न तेव्हाही होताच.

भांडी परत यायची तेव्हा मात्र मी पुढे असायचे. आमच्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत. मोठ्या टोपात मध्यभागी एक लहान डबा ठेवलेला असायचा, नाहीतर परातीत नारळ आणि मूठभर तांदूळ. आमच्या गावाकडच्या वाडीतल्या, इथे राहणाऱ्या लोकांकडून लाडू यायचे. खालच्या मजल्यावरच्या बेनकडून मोहनथाळ यायचा. नया नगरमध्ये बाबांबरोबर पॉलिशला असलेले एक चाचा राहतात, त्यांच्याकडून ईदनंतर टोप यायचा तो शीरखुर्म्याच्या डब्यासकट. मी झाकण उचलून आधी वास घ्यायचे आणि मग ओळखायचे की भांडं कुठून आलंय. माझं बहुतेक वेळा बरोबर यायचं.

काही भांडी रिकामी यायची. ती घासून, पालथी घातलेली असायची. आणणारा माणूस घरात येत नसे, उंबऱ्याबाहेरच ठेवून जायचा. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी टोप उलटा करून आत बघितलं आणि आईला विचारलं, यांनी काहीच कसं नाही दिलं? आईने माझ्या हातातून टोप काढून घेतला. दुःखाच्या घरचं भांडं रिकामंच यायचं असतं, एवढंच ती म्हणाली. बाबांनी ते दोन्ही हातांनी उचललं आणि गच्चीवर उन्हात नेऊन ठेवलं. तेव्हापासून कुणाच्या घरात काय झालंय हे मला भांड्यांवरून कळायला लागलं, विचारावं लागत नसे. माझ्यासारखीला ही मोठी सोय होती.

आमच्या भागात एक गोष्ट फार जपावी लागते. इमारतीत जैन आहेत, गुजराती आहेत, आणि आम्ही रत्नागिरीकडचे, मटण-मासळीवाले. एकाच टोपात दोन्ही चालणार नाही, आणि हा टोप यांचा, तो त्यांचा असं तोंडाने म्हणणंही बरं दिसत नाही. बाबांनी यावर कुणाशी चर्चा केली नाही. काही टोपांच्या कानांना त्यांनी सुतळी गुंडाळली. गरम टोप धरायला बरं पडतं, असं ते सांगायचे. सुतळीवाले टोप मटणाचे. इमारतीतल्या प्रत्येकाला ते माहीत होतं आणि कुणीही ते कधी बोललं नाही.

एकदा एका टोपाची सुतळी चुलीवर जळून गेली आणि बाबांच्या ते ध्यानात आलं नाही. तो टोप बेनकडे कथेच्या प्रसादासाठी गेला. तासाभराने बाबांना आठवलं. ते चपला न घालता खाली धावले आणि बेनना म्हणाले की हा टोप बुडाला गळतो, द्या परत, दुसरा आणतो. बेनने टोपात पाणी भरून ठेवलं होतं. ते एक थेंबही गळत नव्हतं. त्यांनी पाण्याकडे बघितलं, बाबांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हां भाई, बहु गळतो. घेऊन जा." पुढे कितीतरी वर्षं बाबा दिसले की बेन विचारायच्या, भाई, आज काय गळते? हा किस्सा मला बाबांनी सांगितला नाही, बेनने सांगितला, आणि तोही ते गेल्यावर.

बाबांच्या बाबतीत मला एक कोडं होतं, अजूनही पुरतं सुटलेलं नाही. ते भांड्यांवर नावं घालायचे. गाळ्यातून आणलेलं मशीन होतं, पेनासारखं, ते चालू केलं की टिकटिक करत स्टीलवर ठिपके उमटायचे. लग्नाच्या रुखवतातली भांडी, शाळेचे डबे, कुणाच्या आईच्या स्मरणार्थ दिलेली समई, इमारतीतल्या बहुतेक घरांतल्या भांड्यांवर बाबांचं अक्षर आहे. आमच्या घरात तर गाळणीच्या दांड्यावरसुद्धा नाव आहे. पण मंडळाच्या एकाही भांड्यावर त्यांनी नाव घातलं नाही. सभेत दर वर्षी विषय निघायचा. काका म्हणायचे, भाऊ, अहो मंडळाचं नाव घाला, कुणी पळवलं तर कळणार कसं? बाबा म्हणायचे, घालतो की, जरा सवड होऊ द्या. सवड झाली नाही. जो माणूस रविवारभर दुसऱ्यांच्या वाट्यांवर नावं घालत बसायचा त्याला ही सवड कशी झाली नाही, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. आमच्यात तसं बोलणं नव्हतं. ते विचारायचे, जेवलीस? मी म्हणायचे, हो.

बाबा गाळ्यातच छातीत कळ येऊन बसले आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्या दिवसांविषयी मला फारसं लिहायचं नाही. पण तेराव्याची एक गोष्ट सांगायला हवी. त्या दिवशी जेवण केटररकडून आलं, त्याच्याच मोठ्या डब्यांमधून. किल्ली खिळ्यालाच राहिली. ज्यांनी प्रत्येकाच्या तेराव्याला भांडी काढून दिली त्यांच्या तेराव्याला ती बाहेर आली नाहीत. आईजवळ किल्ली मागायला जायचं कुणी, असं सगळ्यांना वाटलं असणार.

त्याच दिवशी दुपारी आत्या, म्हणजे बाबांची मोठी बहीण, माझ्याशेजारी भिंतीला टेकून बसली होती. गावाहून आली होती. अचानक म्हणाली की तिच्या लग्नात गावकीने भांडी दिली नव्हती. गावात सगळ्यांच्या कार्याला लागणारी भांडी देवळात असतात, त्यांना गावकीची भांडी म्हणतात, हे मला माहीत होतं. पण ती नाकारताही येतात हे मला माहीत नव्हतं. आजोबांचं बांधावरून कुणाशी तरी वाकडं आलं होतं आणि गावकीने घर वाळीत टाकलं होतं. मग आजीने चार घरच्या ओळखीच्या बायकांकडून चोरून लहान लहान पातेली आणली. भात इतक्या वेळा शिजवावा लागला की शेवटची पंगत उठेपर्यंत दिवस मावळला. बाबा तेव्हा शाळकरी होते. पातेली आणायला, परत करायला तेच धावत होते. "प्रत्येक पातेल्यावर दुसऱ्याचं नाव होतं गं," आत्या म्हणाली. "वाढताना नवऱ्याकडचे वाचून दाखवत होते एकमेकांना."

 पुढे कितीतरी दिवस माझ्या मनात ते वाक्य होतं. कदाचित म्हणूनच बाबांना सवड झाली नसेल. ताट कोऱ्या काठाचं असलं की ज्याच्या घरी कार्य आहे त्याचंच ते वाटतं. हे खरं कारण आहे की मी जोडलेलं, हे आता कोण सांगणार?

त्यानंतरच्या वर्षात आमची बेल वाजायची थांबली. म्हणजे कुरियरवाला वाजवायचा, पेपरवाला वाजवायचा. पण संध्याकाळची ती बेल नाही. पहिले काही महिने बेल वाजली की आई पदर सारखा करत उठायची. मग तिने उठणं सोडलं, मीच दार उघडायचे. एकदा पार्सल घेऊन मी आत आले तेव्हा ती पालेभाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, माणूस गेलं की दारही जातं. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. भाजी आज जून निघाली असं सांगावं तसं तिने सांगितलं. मला तेच जास्त लागलं.

आणि मला एक गोष्ट खटकत होती. लोकांना भांड्यांची गरज राहिली नाही, आता सगळे केटररला सांगतात, हे काकांचं म्हणणं खरं असतं तर प्रश्नच नव्हता. पण तसं दिसत नव्हतं. ऑफिसातून परतताना मी बघत असते, दुसरं काय करणार. आमच्याच मजल्यावरचा एक शेजारी रिक्षात मांडववाल्याकडचे टोप घालून आणताना मला दिसला. त्याच्या मुलीच्या बारशाला, मागच्या वेळी, आमच्या जिन्याखालून भांडी गेली होती. बेनकडे कथा झाली, तेव्हा प्रसादाचा शिरा त्यांनी घरच्या लहान पातेल्यांत तीनदा केला. गच्चीवर हळदीचं जेवण झालं तेव्हा भाड्याच्या टोपावर मांडववाल्याचं नाव मोठ्या लाल अक्षरांत होतं. माणसांना भांडी लागत होती. मग ती आमच्याकडे का येत नव्हती?

काका येऊन गेले त्याच आठवड्यात, सभेच्या आधी, मी हे शोधायचं ठरवलं. शोधायचं म्हणजे विचारायचं, आणि विचारणं मला जमत नाही. मी बेनचा स्टीलचा डबा परत करायला गेले. तो कितीतरी दिवस आमच्याकडे पडून होता, त्यात आईच्या हातच्या नारळाच्या वड्या भरून घेतल्या. बेनने मला झोपाळ्यावर बसवलं. बोलणं भांड्यांवर यावं म्हणून मी शिऱ्याचं विचारलं, तीन वेळा करायला त्रास झाला असेल ना. बेन हसल्या, मग त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बेटा, तुमच्याकडे शोक आहे ने. शुभ कामाला भांडा कसा मागायचा? वरस पूरा होऊ दे, मग मी पहिली येते."

 वर्षाच्या आत आमच्याकडे सण करत नाहीत, हे मलाही माहीत होतं. गेल्या दिवाळीला आईने कंदील लावला नव्हता. पण आमच्या घरातला दुखवटा जिन्याखालच्या टोपांनाही लागू होता, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं, आणि आईच्याही नसावं. रिक्षातून टोप आणणारे ते शेजारी मला लिफ्टपाशी भेटले. धीर करून त्यांनाही विचारलं. तेही कोकणातलेच. म्हणाले, भाऊंचं वर्ष व्हायचंय, वहिनींच्या दारात पेढे घेऊन कसं जायचं, बरं दिसतं का ते?

शुक्रवारी मी मीरा रोडला उतरून नया नगरला गेले. चाचांची बायको माझे ड्रेस शिवते, त्यामुळे निमित्त होतं. चाचा घरीच होते, त्यांनी पॉलिशचं काम आता सोडलं आहे, छातीत धूळ बसली म्हणतात. त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न उन्हाळ्यात झालं होतं. आम्ही दोघी गेलो नव्हतो, आईला वर्षाच्या आत लग्नाला जायचं नव्हतं. मी म्हटलं, चाचा, लग्नाला बर्तन कुठून आणले? त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"किराये पे लाया. किस मुँह से आता, बेटा? दरवाज़ा खुलते ही सामने भाई की फोटो है. उसके सामने भाभी को बोलूँ, शादी है, चाबी दो?"

बाबांचा हार घातलेला फोटो खरंच दारासमोर आहे. आईनेच तो तिथे लावला, की बाबांना दार दिसावं.

परत येताना मी मनात हे सगळं मांडत होते. बेन थांबल्या होत्या शोकासाठी, शेजारी थांबले होते वर्ष होण्यासाठी, चाचा थांबले होते फोटोसाठी. एकही जण बाबांना विसरला नव्हता. उलट सगळे त्यांचाच मान राखून दारापर्यंत येत नव्हते, आणि त्या न येण्यामुळे आईला वाटत होतं की आता या दाराशी कुणाचं काही काम उरलं नाही. काकांना वाटत होतं की भांडी कुणाला नको आहेत. कुणीच कुणाला विचारलं नव्हतं. आपल्याकडे असंच असतं, आपण समोरच्याच्या मनातलं ओळखतो आणि त्याप्रमाणे वागून मोकळे होतो.

घरी येऊन आईला सांगावं, म्हणून मी तिच्याजवळ जाऊन बसले. चाचा आठवण काढत होते म्हटलं. ती म्हणाली, चांगला माणूस. पुढचं मी सांगायला लागले तसं माझ्या लक्षात आलं की तिच्या चेहऱ्यावर ती ऐकत असल्याचं हसू आहे. आजारी माणूस आपण दिलेल्या धीराला हसतो तसं. मी काहीही सांगितलं असतं तरी लेक समजूत घालते आहे असंच तिला वाटलं असतं. मी थांबले. ती म्हणाली, रविवारी तू येऊ नकोस हवं तर, मी जाऊन येईन, हात वर करायचा तर आहे.

सभा गच्चीवर होती, सकाळी. ऊन चढायच्या आत संपवू, असं ग्रुपवर लिहिलेलं होतं आणि त्याप्रमाणे लोक उशिरा आले. प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. आई बायकांच्या रांगेत, जिन्याच्या दाराजवळच्या खुर्चीवर बसली, मी तिच्या मागे पाण्याच्या टाकीला टेकून उभी राहिले. बेन आल्या होत्या. ते शेजारी आले होते. आधी लिफ्टचा विषय झाला, तो नेहमीप्रमाणे लांबला, मग कचऱ्याच्या डब्यांवरून दोन मजल्यांचं थोडं वाजलं. एक जण म्हणाला, कचऱ्याला पण मंडळ काढा. लोक हसले. शेवटी काका उठले.

ते चांगलं बोलले. भाऊंनी या मंडळासाठी काय केलं हे सांगायला शब्द नाहीत म्हणाले, आणि मग बरेच शब्द वापरले. ते सगळं खरं होतं. बाबांनी रविवार दिले, हात दिले, कुणाकडून काही घेतलं नाही. मी आईच्या मानेकडे बघत होते, ती ताठ होती. मग काका म्हणाले की काळ बदलला, भांडी पडून आहेत, जागेला ओल येते आहे. ती मोडीत द्यावीत आणि त्यातून गेटपाशी म्हाताऱ्या माणसांना बसायला एक बाक करावा. बाकावर भाऊंचं नाव घालावं. ठिपक्यांत नव्हे, चांगलं संगमरवरी पाटीवर.

कुणी टाळी वाजवली नाही, कुणी विरोधही केला नाही. भाऊंच्या नावाचा बाक नको, असं कोण म्हणणार? बेनने माझ्याकडे बघितलं आणि त्या पुढे बोलतील असं मला वाटलं. पण त्या बोलल्या नाहीत. शोक आहे त्या बाईसमोर, तिच्या घरच्या शोकाचं कारण सभेत कसं सांगायचं? त्या शेजाऱ्यांनी मोबाईल बघायला सुरुवात केली होती. सगळे पुन्हा एकदा आमचा मान राखत होते.

"कुणाला काही बोलायचंय?" काकांनी विचारलं. ते विचारण्यापुरतंच होतं, त्यांचा हात ठरावासाठी अर्धा वर गेलाच होता. आईनेही आपला हात मांडीवरून उचलला.

तो हात वर जायच्या आत काही केलं नाही तर पुन्हा करता येणार नाही, एवढंच मला कळत होतं. शाळेत कितीतरी वर्षं उत्तर येत असून मी हात वर केला नव्हता. मी टाकी सोडून दोन पावलं पुढे आले. काका थांबले. खुर्च्या कुरकुरल्या, लोक मागे वळून बघायला लागले, भाऊंची ती न बोलणारी मुलगी, हे मला त्यांच्या चेहऱ्यांवर दिसलं. आई मात्र वळली नाही. मला आधी बरंच काही सांगायचं होतं, बेनचं, चाचांचं, दुखवट्याचं, सगळं क्रमाने. त्यातलं काहीच तोंडात येईना. आवाज फुटला तो माझ्या अंदाजापेक्षा मोठा होता.

"काका, भांडी विकू नका. लोकांना ती हवी आहेत, पण आईला वाईट वाटेल म्हणून कुणी मागायला येत नाहीये. तुम्ही या. वर्ष व्हायची वाट बघू नका, पेढे घेऊन या, लग्नाचं सांगत या. आईला कुणीतरी यायला हवंय."